कोपऱ्यातली बारीक अक्षरं

चाचा,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं होत आली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. लिहून तरी काय उपयोग होता म्हणा. तुमच्या नावाने आलेला प्रत्येक कागद जिवंतपणीही मीच तुम्हाला वाचून दाखवायचे, मग ती बँकेची नोटीस असो, पुतण्याच्या लग्नाची पत्रिका असो नाहीतर युनियनचं पत्रक. मराठी तुम्हाला अडखळत वाचता यायचं, उर्दू त्याहून थोडं बरं, आणि इंग्रजी म्हणाल तर आकड्यांपुरतं. त्यामुळे आज लिहितानाही मला असंच वाटतंय की कागद माझ्या हातात आहे आणि तुम्ही समोरच्या स्टुलावर बसून, मान थोडी तिरकी करून, डोळे मिटून ऐकताय. ऐकण्यात तुमचा हात धरणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आधी खुशाली सांगते. माझं बरं चाललंय, खरं तर चांगलंच चाललंय. आम्ही आता निगडीचं घर सोडून पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर राहतो. नवरा रिटायर झाला, गॅलरीत कढीपत्ता लावतो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतो, दोन्ही मनापासून. चाची काळेवाडीत थोरल्या मुलीकडे आहेत, गुडघे सोडले तर ठणठणीत. भोसरीचा आपला गाळा अजून आहे. तुमचं लेथ मशीन विकलं, ते तुम्हाला आवडणार नाही, पण तिथे आता सहा जणांची टेबलं आहेत. मी धरून सहा माणसं एका प्रोग्रामवर पोट भरतो. त्याची शोधाशोध तुमच्या शेवटच्या वर्षात सुरू झाली होती, तुम्हाला आठवत असेल. त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मुद्द्यावर यायच्या आधी मी सगळ्या गावाला वळसा घालते.

कंपनीत साचे बनवायच्या तुमच्या टूलरूममध्ये मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स झालेला, वडील बीडकडून आलेले कामगार, आणि अख्ख्या टूलरूममध्ये मी एकटी मुलगी. ड्रॉइंग बोर्डाची स्टुलं सगळी पुरुषांच्या मापाची. माझे पाय दिवसभर लोंबकळत राहायचे आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या का पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन बघते तर स्टुलाला खाली अँगलची एक पट्टी वेल्ड केलेली, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. केली कुणी म्हणून विचारलं तर कुणी बोलेना. तुम्ही लेथवर पाठमोरे उभे होतात. मिस्त्री म्हणून तुमचा एवढा दरारा होता की आभार मानायलाही मला आठवडा लागला, आणि मानले तेव्हा तुम्ही म्हणालात की स्टूल डगमगत होतं म्हणून पट्टी मारली.

मग तुम्हाला वाचून दाखवणं सुरू झालं. इंजिनिअरांकडून नवीन ड्रॉइंग आलं की तुम्ही मला हाक मारायचात, ड्रॉइंग टेबलावर पसरायचात, चारही कोपऱ्यांवर स्टीलचे ठोकळे ठेवायचात आणि म्हणायचात, वाच. चित्र तुम्हाला माझ्यापेक्षा शंभर पटीने कळायचं. तुम्हाला हवी असायची ती अक्षरं. टीपा, खालची चौकट, आणि त्या चौकटीच्याही खाली मुंगीच्या आकाराची जी ओळ असते तीसुद्धा. हे ड्रॉइंग कंपनीची मालमत्ता आहे, परवानगीशिवाय याची नक्कल करू नये, ते तिसऱ्या माणसाच्या हाती देऊ नये, वगैरे. प्रत्येक ड्रॉइंगवर शब्द न् शब्द तोच. मी पहिले काही महिने इमानाने वाचलं, मग कंटाळले. एकदा म्हटलं, चाचा, ही ओळ तर रोजचीच आहे. तुम्ही म्हणालात, नमाजबी रोजचीच हाय. मी ती ओळ पुन्हा वाचली.

आणि तरी मी न वाचता सोडायची चूक केलीच. एका गाडीच्या ब्रॅकेटची डाय, म्हणजे साचा, बनवायची होती, डाव्या बाजूची एक आणि उजव्या बाजूची एक. अशा वेळी ड्रॉइंगवर फक्त डावी बाजू काढतात आणि कोपऱ्यात बारीक लिहितात की दाखवली आहे ती डावी, उजवी याच्या उलट. त्या दिवशी शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती, निगडीची बस गाठायची होती. मी टीपा वाचल्या, आणि कोपऱ्यात नेहमीचंच असणार म्हणून कागद गुंडाळला. तुम्ही विचारलंत, झालं सगळं? मी म्हटलं, झालं. तीन आठवड्यांनी दोन्ही डाय तयार झाल्या, सुंदर झाल्या, आणि दोन्ही डाव्या झाल्या. एवढं महागाचं स्टील, कडक करून आणलेलं, भंगारात. मॅनेजर खाली आले. तुम्ही पुढे होऊन त्यांना सांगितलंत की ऐकून घ्यायचं काम माझं होतं, मी नीट ऐकलं न्हाई. ते तुम्हाला जे बोलले ते सगळ्या टूलरूमने ऐकलं. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होतात.

ते गेल्यावर मला वाटलं आता माझी पाळी. तुम्ही हात पुसलेत, जवळ आलात आणि इतक्या हळू बोललात की शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं नसेल. "मला वाचता येत न्हाई बेटा, म्हणून मी सगळं ऐकतो. तुला वाचता येतंय, म्हणून तू वाचत न्हाईस." बस, एवढंच. पुन्हा त्या डायचं नाव तुमच्या तोंडून मी ऐकलं नाही. आजवर मला शाळेत, सासरी, बँकेत आणि इन्कमटॅक्सच्या ऑफिसात बरीच बोलणी बसली आहेत, त्यातलं अर्धं मी विसरले, पण हे एक वाक्य माझ्या हाडात जाऊन बसलं. निदान माझा तसा समज होता.

टूलरूम बंद झाली तेव्हा तुम्ही मिळालेल्या रकमेतून भोसरीत गाळा घेतलात आणि मला भागीदार केलंत. मला दोन पोरं, नवऱ्याची नोकरी डळमळीत, आणि तुमचे नातेवाईक तुम्हाला वेड्यात काढत होते की परक्या बाईला कशाला घेता. तुम्ही काम पकडून ठेवायची फिक्स्चर बनवायचे, मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचे. गाळ्यातली लाइट भरवशाची नव्हती म्हणून कॉम्प्युटर पहिले दीड वर्ष काळेवाडीला चाचींच्या स्वयंपाकघरात होता, कारण घरातलं अर्थिंगवालं एकमेव बटण फ्रिजशेजारी होतं. एका बाजूला पिठाचा डबा, एका बाजूला फ्रिज, मध्ये मी. कीबोर्डात कणीक जायची. चाची पोळ्या लाटता लाटता पडद्यावर बघायच्या आणि म्हणायच्या की ही जाळी तर आमच्या खिडकीच्या जाळीसारखी दिसते. ते दिवस कष्टाचे होते असं मी लोकांना सांगते, पण मनातून ते मला फार सुखाचे वाटतात. पोळीचा वास आणि पडद्यावरच्या हिरव्या रेषा मला अजून एकत्रच आठवतात.

मग चाकणला कंपन्या आल्या. मोठ्या कंपन्यांची ड्रॉइंग लहान कारखान्यांकडे ईमेलने येऊ लागली आणि त्यांची अट पडली की फाइल उघडी पाठवायची नाही, एन्क्रिप्ट करूनच पाठवायची. म्हणजे वाटेत कुणी पकडली तरी त्याला गिचमिड दिसावं. तुम्ही विचारलंत, मग आपल्याला ती कशी दिसणार? मी तुम्हाला सांगितलं की प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. एक बंद करायची, ती जगाला वाटायची. दुसरी उघडायची, ती कुणालाही द्यायची नाही. तुम्ही म्हणालात, म्हंजे कंपनीच्या गेटावरच्या सूचनापेटीसारखं. चिठ्ठी कुणीबी टाकावी, काढायची ती साहेबानं. मी म्हटलं, अगदी तसंच. तुम्ही म्हणालात, पण आपल्या साहेबानं ती पेटी वीस वर्षांत उघडली न्हाई. मी पुढे कितीतरी कारखान्यांत हा प्रोग्राम शिकवला आणि सगळीकडे सूचनापेटीचंच उदाहरण दिलं, शेवटच्या वाक्यासकट, आणि सगळीकडे माणसं हसली. तरीही चाकणच्या एका शहाण्याने सगळ्या गाळ्यांच्या किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लावतात त्या शिस्तीने उघडायची किल्लीच सगळ्या सप्लायरना पाठवून दिली आणि बंद करायची किल्ली तिजोरीत ठेवली, ती गोष्ट वेगळी.

असा प्रोग्राम विकत मिळत होता. त्याच्या अटी मी तुम्हाला चाचींच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवल्या होत्या. तुम्ही पाटावर बसून लसूण सोलत होतात. एका मशीनवर एकाच माणसाने वापरायचा, दुसऱ्याला उसना द्यायचा नाही, आत कसा बनलाय ते उघडून बघायचं नाही, आणि खाली देशांची एक मोठी यादी, की या देशांत तो न्यायचा नाही, तिथल्या माणसाला द्यायचा नाही. तुमच्या हातातली पाकळी थांबली. "म्हंजे कुलूप इकत आपण घ्यायचं, आन् कुठल्या दाराला लावायचं ते त्यांनी सांगायचं?" मग तुमचा दुबईचा भाचा यादीत बसतो का, याची चौकशी झाली. पाऊण तास लागला त्या अटींना. शेवटी तुम्ही म्हणालात, असल्या मालकाचं कुलूप नको.

त्यानंतर मला दुसरा एक प्रोग्राम सापडला. परदेशातल्या काही लोकांनी मिळून लिहिलेला, मोफत, आणि त्याचं मूळ लिखाण, म्हणजे ज्यावरून प्रोग्राम बनतो ते 'सोर्स', सगळ्यांना उघडं. त्याच्याही अटी होत्या, चांगल्या लांबलचक. पण त्या आठवड्यात तुम्ही छातीत पाणी झालं म्हणून हॉस्पिटलात होतात. समोर ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, फुकट मिळतंय त्यात काय वाचायचं, आणि 'मान्य' या चौकोनात खूण केली. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. मी कामात डोकं घातलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. त्या मोफत प्रोग्रामवर मी आपल्या लोकांना वापरता येईल असं मराठी कवच चढवलं, मोठी बटणं केली, ड्रॉइंगच्या आवृत्त्या सांभाळायची सोय केली. चाकण, भोसरी, तळवडे, एकाचं बघून दुसऱ्याने घेतला. वर्षाच्या करारांवर धंदा उभा राहिला.

आणि या गडबडीत मी काय केलं ते ऐका. उघडताना पडद्यावर मूळ लिहिणाऱ्यांची नावं यायची, ती काढून मी आपल्या गाळ्याची पाटी लावली. मूळ लिखाण गिऱ्हाइकाला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. वर अट घातली की एका मशीनवर एकच, दुसऱ्याला द्यायचा नाही, आत उघडून बघायचं नाही. ज्या अटींना तुम्ही लसूण सोलता सोलता नको म्हणाला होतात, त्याच मी दुसऱ्याच्या मालावर लावल्या. यात काही चूक आहे असं मला पंधरा वर्षांत एकदाही वाटलं नाही, हे तुम्हाला सांगताना मला माझंच नवल वाटतंय.

यंदा मार्चमध्ये चाकणच्या एका कारखान्यातून फोन आला. तिथे कॉम्प्युटरचं सगळं बघणारी एक मुलगी आहे, लातूरकडची, चोवीस-पंचवीसची असेल. माझ्या मुलांपेक्षाही लहान. म्हणाली, मॅडम, फाइलचं नाव मराठीत दिलं की तुमचा प्रोग्राम अडकतो, मी दुरुस्त करू शकते, मला सोर्स द्याल का? मी हसून म्हटलं, बेटा, ते आमचं गुपित आहे. ती म्हणाली, "मॅडम, रागावू नका, पण ते तुमचं नाही ना. पडद्यावरची नावं तुम्ही काढलीत, पण फाइलच्या पोटात ती तशीच दिसायलीत मला. आणि त्यांच्या अटीत लिहिलंय की ज्याला प्रोग्राम दिला त्याने मागितलं तर सोर्स द्यायचं." मी म्हटलं, मेल करा, बघते. फोन ठेवला. आधी तिचाच राग आला, की कालची पोर मला शिकवते.

तिचा मेल आला, नम्र, चार ओळींचा. खाली त्या अटी जोडलेल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच मी एक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. आणि खरं सांगू का, तो कागद मला आवडला. त्यात कुठल्या देशाची यादी नव्हती. लिहिणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही हे तुम्हाला मोकळ्या हाताने दिलं, तुम्ही वापरा, बदला, विका, काहीही करा, पण पुढे द्याल तेव्हा तसंच मोकळ्या हाताने द्या आणि आमची नावं खोडू नका. आपल्या अटी वर लादाल तर मग तुम्हाला हे वापरायचा हक्क नाही. म्हणजे पंधरा वर्षं आम्ही हक्काशिवाय धंदा करत होतो. आणि आता अटीप्रमाणे वागायचं तर आमच्या प्रोग्रामची कुंडली प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात जाणार, उद्या कुणीही तो फुकट वाटू शकणार. सहा घरं त्यावर होती. त्यातल्या एकाने नुकताच रहाटणीत फ्लॅट घेतला होता, एकीचं बाळ तीन महिन्यांचं होतं. मी गाळ्यात बसून त्यांच्या पाठी बघत होते.

मी तो कागद वाचला आणि ठरवलं. मुलीला कळवलं की स्वतः येऊन देते. चाकणला गेले. रस्ता तुमच्या वेळी होता त्याहून वाईट आहे, कंटेनरांच्या रांगेत दोन तास मोडले, त्यामुळे मनातल्या मनात भाषणाची तालीम भरपूर झाली. कारखान्याचा मालक तिथल्याच गावातला, शेतीवाडीतून धंद्यात आलेला, धिप्पाड, माझ्याच वयाचा. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसलेली, बिचारी घाबरली होती की आपल्यामुळे काही भानगड झाली की काय. मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. की मूळ प्रोग्राम आमचा नाही, ज्यांचा आहे त्यांची नावं मी खोडली होती, ती परत घातली आहेत, आत्तापर्यंत लपवलेलं लिखाण हे घ्या, आणि यापुढे तुम्ही तो कुणालाही दिलात तरी मी काही म्हणू शकत नाही.  मालकाने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, मिशीवरून हात फिरवला.

"मग ताई, आमी आता तुमाला वर्साला पैसं कशाचं द्यायचं?"

रस्त्यात केलेल्या तालमीत मी हा प्रश्न सोडून सगळे प्रश्न घेतले होते. तोंडातून जे आलं ते आलं. "तो बंद पडला की तुम्ही फोन कुणाला लावणार आहात, त्याचं."

तो मोठ्याने हसला. म्हणाला, मागच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत तुमचा माणूस गाडी घेऊन आला व्हता, मला सगळं याद हाय. मग मुलीकडे बघून म्हणाला की हिला काही विचारायचं असलं तर विचारू द्या, हिच्या डोक्यात दिवसभर किडे असतात. करार तसाच राहिला. मी बाहेर आले, गेटपाशी उसाचा रस प्यायले, आणि मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या कंटेनरांचाही राग आला नाही.

मग बाकीच्या सगळ्यांना पत्रं पाठवली. दोन गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक दोन महिन्यांत परत आलं, कारण फुकट प्रोग्राम मिळाला, पण त्याला मशीनवर बसवायला माणूस मिळाला नाही. लातूरच्या मुलीने मराठी नावांची दुरुस्ती करून पाठवली, आणि पाठोपाठ अशी एक चूक दाखवली जी आमच्या सहा जणांना इतक्या वर्षांत दिसली नव्हती. ती दुरुस्ती आम्ही मूळ लिहिणाऱ्यांकडेही पाठवली. त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं, दोन ओळींचं, की तुमच्या गावात एवढी माणसं हा प्रोग्राम वापरतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं, वाचून आनंद झाला. ते उत्तर मी छापून गाळ्यात लावलंय. सहाही जण आहेत. बाळ रांगायला लागलंय, कधीकधी गाळ्यात येतं आणि वायरी ओढतं. मला अलीकडे झोप छान लागते.

आता तुम्ही म्हणाल की मग पत्र लिहायचं कारण काय. सांगते. गेल्या आठवड्यात लहान कारखानदारांच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं होतं, प्रामाणिक व्यवसाय असा काहीसा विषय होता. मी तुमच्याबद्दल बोलले. दोन डाव्या डायची गोष्ट सांगितली, तुमचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हटलं की अशा माणसाच्या हाताखाली वाढल्यामुळे अटी वाचल्याबरोबर मला निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. टाळ्या झाल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. शाल, नारळ, सगळं यथासांग. घरी येऊन शाल घडी करताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की नवऱ्याने विचारलं, बरं नाही का. त्यालाही मी सांगितलं नाही. आज तुम्हालाच सांगते, आणि हे पत्रही मी कुणाला दाखवणार नाही.

वर मी लिहिलंय की कागद वाचला आणि ठरवलं. तसं झालं नाही. मध्ये अकरा दिवस गेले. पहिले दहा दिवस मी वाट बघितली की ती मुलगी विसरेल. अकराव्या दिवशी तिचा आठवणीचा मेल आला आणि मी उत्तर लिहिलं. त्यात लिहिलं की प्रोग्रामचा हा भाग आमच्या दिवंगत भागीदारांनी तयार केला होता, त्यांनी तो कुठून घेतला याची आम्हाला कल्पना नाही, त्यांच्या निधनानंतर कागदपत्रं उपलब्ध नाहीत, सबब सोर्स देता येत नाही. म्हणजे तुम्ही, चाचा. ज्यांनी माउसला कधी बोट लावलं नाही, ज्यांना इंग्रजी आकड्यांपुरतंच यायचं, ते तुम्ही. वाक्यं मी दोनदा घासून नीट केली. दिवंगत हा शब्द आदरार्थी दिसतो म्हणून मुद्दाम घातला. आणि बटण दाबलं.

गुरुवार होता. भोसरीत गुरुवारी सुट्टी आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइट बंद, हे तुम्हाला सांगायला नको. मी गाळ्यात एकटीच होते, लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण नेट नव्हतं, आणि मेल तिथेच अडकून पडला. मी लगेच सावरले असं समजू नका. मोबाइलवरून नेट जोडायची मी खटपट केली, दोनदा केली, ते लागेना. मग पंखा बंद, घामाघूम, मी त्या अडकलेल्या मेलकडे बघत दीड तास बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्या दीड तासाच्या अगदी शेवटी मला तुमचा चेहरा आठवला. लाइट आली तेव्हा मेल जायच्या आत मी तो काढून टाकला.

लाइट आणखी अर्ध्या तासाने आली असती तरी काही बिघडलं नसतं. पण तीच लाइट अर्धा तास आधी आली असती, चाचा, तर तो मेल गेला असता, आणि मी तुम्हाला हे कधीच सांगितलं नसतं.